तू विचारलं होतंस

मरोदा सेक्टर, भिलाई
१७ जानेवारी १९८३

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. या वेळी अकरा चुका आहेत. 'आशीर्वाद' मधला 'शी' दीर्घ, हे मी तुला तीस वर्षं सांगते आहे. चुका लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवते, बघून घे. भाऊरावांना म्हणावं, रेल्वेच्या केबिनमधून रिटायर झालात की बायकोला शुद्धलेखन शिकवा, वेळ बरा जाईल.

इकडे सर्व ठीक. विजयकुमारची या आठवड्यात प्लांटमध्ये फर्स्ट शिफ्ट आहे. पहाटे उठून त्याचा डबा मीच करते. शीला सून म्हणून चांगली आहे, बोर्सीच्या माहेरची माणसंही सरळ आहेत, पण तिच्या वरणात हळद कमी पडते आणि सांगितलं की गप्प बसते. म्हणून स्वयंपाकघर मी अजून सोडलेलं नाही. तुझे भाऊजी जाऊन पाच वर्षं होतील. या पाच वर्षांत मी कोणाला पेलाभर पाणी मागितलेलं नाही, आणि मागणारही नाही.

मागच्या आठवड्यात दुर्गला जाऊन डोळे दाखवून आले. नंबर वाढलाय, दुसरं काही नाही. वर्तमानपत्र मात्र बंद केलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षं रोज वाचलं, त्यात वाचण्यासारखं काही नसतं.

तुझ्या विजयाच्या लग्नाचं कुठवर आलं ते कळव.

तुझी
सत्यभामा

* * *

पुलगाव
१४ मार्च १९८३

ती. ताईस,
अन्नपूर्णाचा नमस्कार.

चुका मोजल्याशिवाय तुले पत्र वाचताच येत नाही का व? मी चार वर्ग शिकली, तू मास्तरीण झाली. तुह्यावानी लिवता आलं असतं तं मले कशाले पाहिजे होतं.

विजयाचं जमलं. मुलगा धामणगावचा आहे, पोस्टात नोकरी. आठ मे ची तारीख काढली. तू आठ दिवस आधी ये. आई असती तं तिनं जे केलं असतं ते तुलेच करा लागते, मले काही सुधरत नाही.

आणखीन एक विचाराचं होतं. दोनक महिन्यापासून संध्याकाळी डोकं दुखून राहिलं, उजव्या अंगानं. बल्बाकडे पाहिलं तं त्याच्याभोवती रंगाचे कडे दिसते, एकात एक. परवा फडताळाच्या दारावर कपाळ आपटलं. दार उघडं होतं ते मले दिसलंच नाही. हे म्हणते, तुले लग्नाची काळजी लागली, दुसरं काही नाही. तू शिकलेली आहे, चार लोकाईत वावरलेली. असं कायनं होते? वर्ध्याच्या डॉक्टरले दाखवू का राहू देऊ? तू सांगशीन तसं करीन.

तुझी
अन्नपूर्णा

* * *

मरोदा सेक्टर, भिलाई
२८ मार्च १९८३

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
आशीर्वाद.

विजयाचं जमलं, फार आनंद झाला. लग्नाला येईनच.

डोळ्यांचं म्हणशील तर पन्नाशीला असं होतंच. चष्मा बदल. लग्नाच्या धावपळीत वर्ध्याच्या खेपा कशाला करतेस? झोप पुरेशी घे.

सत्यभामा

* * *

पुलगाव
२ जून १९८३

ती. ताईस,
नमस्कार.

लग्न पार पडलं. विजयकुमार आला, शीला आली. तू नाही आली.

शीला म्हणे, आईचे गुडघे दुखते. ताई, भाऊजीचा तेरावा झाला तं दुसऱ्या दिवशी तू शाळेत जाऊन वर्ग घेतला. तुले गुडघ्यानं थांबवलं हे मले पटत नाही. विजया हळद लागलेल्या अंगानं दोन वेळा फाटकापाशी जाऊन पाहून आली. पाहुणे विचारे, मोठी मावशी कोठी आहे? मी काय सांगू?

आमचं दोन खोल्याचं रेल्वेचं घर आहे, तुमच्यासारखं क्वार्टर नाही. त्याच्यानं आली नाही का? का विजया जास्त शिकली नाही म्हणून तुले कमीपणा वाटला?

तुह्या मागच्या पत्रात माही एकबी चूक काढली नाही. ओळी साऱ्या खाली घसरत गेल्या, शेवटची तं कागदाच्या बाहेर गेली. असं कावून लिवलं? घाईघाईनं उरकलं का माह्यावर राग आहे? बोलाचं नसंल तं तसं सांगून दे, मी वाट पाहणार नाही.

चष्मा बदलला. कडे अजून दिसते.

अन्नपूर्णा

* * *

भिलाई
१९ ऑगस्ट १९८३

चि. सौ. अन्नपूर्णा,

तुझ्यावर राग नाही. हात कापतो, म्हणून अक्षर तसं येतं. आता पत्र कमी लिहीन. चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. विजयाला माझे आशीर्वाद कळव.

ताई

* * *

मरोदा सेक्टर, भिलाई
११ नोव्हेंबर १९८४

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,

अक्षर शीलाचं आहे, बोलणं माझं आहे. जे बोलेन ते न गाळता लिही, असं मी तिला सांगितलंय.

मला दिसत नाही. समोर धरलेल्या हाताची सावली तेवढी कळते. हे पावणेदोन वर्षांत हळूहळू झालं आणि या घरात मी कोणाला कळू दिलं नाही. भांड्यांच्या जागा पाठ होत्या, पावलं मोजलेली होती. शीलाला स्वयंपाकघरात फार वेळ थांबू देत नव्हते, ते यासाठीच. ती वस्तू हलवायची.

मागच्या सोमवारी दुपारी भाजी घेऊन परत येत होते. आमच्या सेक्टरमधली क्वार्टरं सगळी एकसारखी. तेच फाटक, त्याच तीन पायऱ्या. त्या दिवशी पाइप टाकायला रस्ता खणला होता म्हणून वळसा घ्यावा लागला आणि माझी मोजणी चुकली. मी फाटक उघडून आत गेले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "शीला, आज तरी वरणात हळद नीट घाल." कोणी बोललं नाही. मी आवाज चढवून पुन्हा म्हणाले. तेव्हा एका अनोळखी बाईचा आवाज आला, "दाई, ये तोर घर नोहे. बइठ, पानी पी ले."

इकडे आईला दाई म्हणतात. ती मागच्या गल्लीतली गिरजाबाई. तिनं मला पाणी पाजलं आणि हाताला धरून घरी आणलं. दारात शीला होती. गिरजाबाई तिला म्हणाली, "आपकी सास को दिखता नहीं है. आपको पता नहीं?" विजयकुमार शिफ्टवरून आला, त्याला कळलं, तेव्हा तो माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिला. एवढ्या मोठ्या मुलाला मी रडताना ऐकलं.

त्यानं डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. विजयकुमारला हे नवीन होतं, मला नव्हतं. दुर्गच्या डॉक्टरांनी ८३ च्या जानेवारीतच मला सांगितलं होतं आणि थेंब लिहून दिले होते. घरात बाटली दिसेल म्हणून मी ते आणले नाहीत. त्यांनी विचारलं होतं, घरात आधी कोणाला झालंय का? मी म्हटलं, वडिलांचे डोळे गेले होते. ते म्हणाले, "मग भावाबहिणींनाही लगेच तपासून घ्यायला सांगा. संध्याकाळी डोकं दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. त्या वेळी आलं तर नजर वाचते."

दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं.

मी ते भिंगाखाली धरून चार वेळा वाचलं. मला सगळं कळलं, अन्नपूर्णा. आणि मी तुला लिहिलं, चष्मा बदल.

खरं लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, ताई, तुला हे कसं माहीत? मग तू विजयकुमारला कळवलं असतंस. मी स्वतःची समजूत घातली की तुझं तसं नसेल, लग्नानंतर सांगू, दिवाळीनंतर सांगू. असं करत दीड वर्ष गेलं.

हे मी का केलं ते तुला सांगणं भाग आहे. बाबांचं आर्वीचं शिवणकामाचं दुकान तू पाहिलं नाहीस. तुला कळू लागलं तेव्हा ते ओसरीवरच्या बाजेवर बसलेले होते. तिथे ते अकरा वर्षं होते. येणारी माणसं त्यांच्यासमोर आईला विचारायची, "यांचं जेवण झालं का?" त्यांना कोणी विचारत नसे. मी बारा वर्षांची असताना एकदा त्यांना बाजारात घेऊन चालले होते. समोरून शाळेतल्या मुली आल्या. मी बाबांचा हात सोडला आणि एका दुकानाआड जाऊन उभी राहिले. मुली निघून गेल्या तरी मी बाहेर आले नाही. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. गाड्या बाजूनं जात होत्या. शेवटी रामाजी गाडीवानानं त्यांना घरी आणून सोडलं. बाबांनी घरात काही सांगितलं नाही, मीही नाही.

त्यानंतर मी कोणाचा हात धरला नाही. याला मी स्वाभिमान म्हणत आले, शाळेतल्या मुलींना तोच शिकवला. गिरजाबाईनं मला धरून आणलं त्या दिवशी समजलं की मी आयुष्यभर त्या बाजेला भीत होते. त्या भीतीला मी तुझे डोळे दिले.

हे वाचून तुला राग येईल. राग नंतर कर, आधी वर्ध्याला जा. उद्याच जा.

सत्यभामा

मावशी, मी शीला. माझी शाळा हिंदीत झाली, मराठी लिहिताना गलती होते, माफ करा. 'चष्मा बदल' या जागी माझा हात थांबला होता. आई म्हणाल्या, लिही. म्हणून लिहिलं. मी एकाच घरात राहून काही पाहिलं नाही, मला वाटायचं त्यांना मी आवडत नाही. प्लीज, तुम्ही लवकर जा.

* * *

पुलगाव
९ डिसेंबर १९८४

ताई,

वर्ध्याले जाऊन आली. उजवा डोळा गेला आहे. मले वाटे त्यानं कमी दिसते. डॉक्टरनं डावा डोळा झाकला आन् विचारलं, बाई, समोर काय आहे? मी म्हटलं, तुमी दिवा कावून बंद केला? त्यानं दिवा बंद केला नव्हता.

डावा अर्धा राहिला. त्याचं ऑपरेशन करतो म्हणे, पण टिकंल का नाही ते सांगता येत नाही. म्हणे, दीड वर्षाआधी आल्या असत्या तं दोनी डोळे वाचले असते. हे बाहेर आल्यावर मले विचारे, तुले चष्मा बदलाले कोणं सांगितलं होतं? मी म्हटलं, कोणं नाही, माह्याच मनानं बदलला. तुह्यं नाव सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मलेच समजत नाही.

तुले चुका मोजाची सवय आहे. आता हे मोज. बाबाचा हात सोडला तवा तू बारा वर्षाची होती. माहा सोडला तवा साठ वर्षाची होती.

मी तुले विचारलं होतं, ताई. तू सांगशीन तसं करीन म्हणून लिवलं होतं.

शीला, तू वाचून दाखवशीन तं हे सारं वाच. मधात काही सोडू नको.

अन्नपूर्णा

* * *

मरोदा सेक्टर, भिलाई
२२ सप्टेंबर १९८५

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर आलं नाही, याचंही नको. तुझं डिसेंबरचं पत्र शीलानं पूर्ण वाचलं. मधे थांबली होती, मी म्हटलं, वाच. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडून ते दोनदा आणखी वाचून घेतलं.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं. तुझ्यावर तेवढंही ओझं नको.

विजयकुमारचे डोळे तपासले, अजून ठीक आहेत. दरवर्षी तपासायचे आहेत. विजयाचे तपासून घे, आणि तिला मूल झालं की त्याचेही. या एका गोष्टीत तरी माझं ऐक.

स्वयंपाकघर शीलाला दिलं. मी तांदूळ निवडते, शेंगा सोलते. तिला पहिल्यांदा पाणी मागितलं त्या दिवशी मी आधी दोनदा माठापर्यंत जाऊन परत आले. आता रोज मागते. रोज थोडं वाईट वाटतं. ते जाईल असं मला वाटत नाही, पण पाणी मिळतं, आणि शीला आता माझ्याशी बोलते. ती चांगली बोलते. चार वर्षं मी तिला बोलू दिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी बायकांची बैठक होती. बैठक चालवणाऱ्या सिंधुताईंना विचारून मी उभी राहिले आणि सांगितलं, मला दिसत नाही, मी ते लपवलं, त्यात माझ्या बहिणीचा डोळा गेला. ज्यांच्या घरात कोणाचे डोळे असे गेले असतील त्यांनी तपासून घ्या. मग कोणीतरी गणपतीच्या वर्गणीचा विषय काढला. घरी येताना शीला म्हणाली, "आई, इतना सब बताना जरूरी था क्या?" मी म्हटलं, हो. तिनं माझा दंड धरला होता, तो जरा घट्ट धरला.

तुझा डावा डोळा कसा आहे, एवढंच भाऊरावांनी कार्डावर कळवावं.

सत्यभामा

* * *

पुलगाव
१९ जानेवारी १९८६

ताई,

मीच लिवून राहिली. अक्षर मोठं काढा लागते, एका पानावर सातच ओळी बसते.

दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसते. डॉक्टर म्हणे, दोनतीन वर्ष, जास्तीत जास्त. हे थेंब टाकून देते, भाजी चिरून देते. पण मले पाहून हे जे चूप राहते ते मले सोसत नाही. लोकं माह्याशी मोठ्यानं बोलते, जसं मले ऐकू येत नाही. काल शेजारचे भय्याजी आले होते. मी समोर बसली होती. त्याईनं यायले विचारलं, "वहिनीचं जेवण झालं का?" मी उठून आत गेली.

तवा मले बाबा आठवले. आन् तू बी.

मी तुले माफ केलं नाही. ते मले जमत नाही, खोटं कशाले लिवू? पण ताई, मले भेव वाटते आन् या गावात मी कोणाले विचारू? चहा गाळतानी कप भरला हे कसं समजते? लुगडं उलटं नेसलं तं कसं समजते? समोरचा माणूस उठून गेला आन् आपण बोलतच राहिलो, असं होते का? तुले हे सारं माहीत आहे. या वेळी तरी खरं सांग.

अन्नपूर्णा

* * *

मरोदा सेक्टर, भिलाई
२७ जानेवारी १९८६

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,

कप भरत आला की आवाज बारीक होतो. तो ऐकू यायला महिना लागतो. तोपर्यंत बोट कपाच्या काठात धरायचं, भाजतं. लुगड्याची शिवण आणि काठाची उलटी बाजू नखाला लागते. माणूस उठून जातो आणि आपण बोलत राहतो, हे होतं. पुष्कळदा होतं. त्याची सवय होत नाही.

बाकीचं पत्रातून शिकवता येणार नाही. मी येते. विजयकुमार मला दुर्गला गाडीत बसवेल, भाऊरावांनी पाच तारखेला पुलगावला उतरवून घ्यावं. शीला विचारते आहे, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, ती हाकलून देईपर्यंत. तुला नको असेल तर तार कर.

सत्यभामा

* * *

पुलगाव
१६ मार्च १९८६

चि. सौ. शीला हिस,
मावशीचे आशीर्वाद.

तुही सासू बरी आहे. तू काळजी करून राहिली असशीन म्हणून लिवते.

पहिले चार दिवस आमी जेवाले बोलावण्यापुरतं बोललो. तिनं बी काही काढलं नाही, मी बी नाही. पाचव्या दिवशी सकाळी मले म्हणे, "डाव्या डोळ्यावर फडकं बांध." मी म्हटलं, मले अजून दिसते. तं म्हणे, "म्हणूनच."

तवापासून रोज सकाळी दोन तास फडकं बांधून मी घरात फिरते आन् ती बाजूनं बोलत राहते. ऊन कोण्या गालाले लागलं ते सांग, म्हणे. दारातून वारा येते, तिकडे हात कर, म्हणे. शाळेतल्या पोरीवानी दटावते. एका दिवशी मी चुलीजवळ चुकली आन् सारा चहा हातावर आला. मी लय चिडली. म्हटलं, तुह्याच्यानं माह्यावर हे दिवस आले. यायनं ऐकलं, हे दारातच थांबले. चष्म्याचं कोणं सांगितलं होतं ते यायले तवाच समजलं. ती भिंतीले हात लावत माह्याजवळ आली. मंग म्हणे, "हो. माझ्याचमुळे." थंडं पाणी मागून माह्या हातावर टाकलं आन् म्हणे, "दुसरा कप घे."

हे दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिले स्टेशनापर्यंत फिरवून आणलं.

शीला, माह्या मनात अजून आहे. सकाळी उठली का उजवीकडचा अंधार पहिले आठवते, आन् त्याच्यासंगं ती आठवते. पण संध्याकाळ झाली का मी तिच्याजवळच जाऊन बसते. दुसऱ्या कोणापाशी जाऊन बसाव असं वाटत नाही. काय म्हणाव याले ते मले समजत नाही.

काल पयल्यांदा मी फडकं बांधून चहा केला, गाळला, दोन कप भरले आन् एक थेंब सांडला नाही. फडकं सोडून पाहिलं तं ती भिंतीले टेकून बसली होती, मान वाकडी करून, कान माह्या हाताकडे लावून. तिचे ओठ हालून राहिले होते, जसं का तीच कप भरून राहिली. मी म्हटलं, "ताई, जमलं."

तिनं तोंडावरून पदर फिरवला. म्हणे, "बांध फडकं. पुन्हा कर."

मी बांधलं.

तुही
अन्नपूर्णा मावशी